हॉटेलं वाढली, आता आपल्या धर्मशाळेचं काय?



आपलं पाचोरा किती झपाट्याने पसरतंय हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. भडगाव रोडला आणि जामनेर रोडला जिथे कपाशी उभी असायची तिथे आता प्लॉट पडलेत, कॉलन्या झाल्यात. खेड्यावरची माणसं मुलांच्या शाळेसाठी आणि क्लाससाठी गावात राहायला येतात. जळगावहून चाळीसगावकडे जाणारा रस्ता राष्ट्रीय महामार्ग झाला, तेव्हापासून गाड्यांची ये-जा वाढली. गाड्या आल्या की हॉटेलं येतात, हॉटेलांच्या मागे लॉज येतात. फॅमिली रेस्टॉरंट, एसी हॉल, लॉन्स, कॅफे, सगळं आलं. पूर्वी बाहेर खायचं म्हणजे स्टेशनजवळचा चहा आणि भजी. आता रविवारी संध्याकाळी टेबल मिळायला थांबावं लागतं.

यावर आपल्या समाजात दोन प्रकारचं बोलणं ऐकू येतं. वडीलधारी म्हणतात, घरचं जेवण सुटलं, संस्कार बुडाले. ट्रस्टी मंडळी म्हणतात, आता धर्मशाळेत कोण उतरतं, पाडून एसी मंगल कार्यालय बांधू, उत्पन्न होईल. आपल्याच नाही, बऱ्याच गावांत हा विचार चालू आहे. मला दोन्ही बोलणी पटत नाहीत. का पटत नाहीत ते आज लिहिते.

आधी हॉटेलांचं. सून रविवारी बाहेर जेवायला जाऊ म्हणाली तर तिला बोल लावू नका. आपल्या वेळी घरात पाहुणे किती यायचे ते आठवा. लग्नाचा सीझन असो, कुणाचं ऑपरेशन असो, कोर्टाची तारीख असो, चार-सहा माणसं मुक्कामाला ठरलेलीच. पाहुणचाराचं नाव घरातल्या पुरुषांचं व्हायचं आणि सकाळी पाचपासून चुलीशी आपण उभ्या. दुपारची जेवणं आवरेस्तोवर संध्याकाळची कणीक. आमच्या पिढीने ते आनंदाने केलं असं आम्ही सांगतो, पण पाय किती दुखायचे ते कुणाला सांगितलं नाही. आजच्या सुना शाळेत शिकवतात, दुकानाचे हिशोब बघतात, घरून कंपनीचं काम करतात. आठवड्यातून एक वेळ त्यांना तयार ताट समोर मिळालं तर धर्म बुडत नाही.

आपली काळजी वेगळी असायला हवी. त्या ताटात काय येतं, किती वाजता येतं आणि त्याचे पैसे बरोबर लागतात का, हे आपण बघतो का?

दारावर 'जैन फूड मिळेल' अशी पाटी असते. पाटी वाचून आपण निर्धास्त होतो. पण हॉटेलच्या स्वयंपाकघराची रीत समजून घ्या. तिथे प्रत्येक भाजी तुमच्यासाठी नव्याने होत नाही. सकाळीच मोठ्या पातेल्यात ग्रेव्ही करून ठेवतात. एक लाल, टोमॅटो-कांद्याची. एक पांढरी, काजू-मगजाची, आणि तिच्यातही पुष्कळ ठिकाणी कांदा उकडून वाटलेला असतो. ऑर्डर आली की कढईत ग्रेव्ही, वर पनीर नाहीतर भाजी, पाच मिनिटांत डिश तयार. म्हणजे 'कांदा-लसूण घालू नका' असं वेटरला सांगितलं तरी वरून काही पडत नाही एवढंच. आत जे आधीच आहे ते कसं काढणार? आपल्या खानदेशी शेवभाजीचंही तेच. तिचा रस्साच भाजलेला कांदा, सुकं खोबरं आणि लसणाच्या वाटणावर उभा असतो. वेटर मान डोलावतो, कारण त्याला नाही म्हणायचं नसतं.

म्हणून प्रश्न बदला. 'जैन मिळेल का?' असं विचारू नका. 'जैन ग्रेव्ही वेगळी केली आहे का, कशाची केली आहे?' असं विचारा. हो असेल तर तो लगेच सांगेल, टोमॅटो-काजूची किंवा दुधीची. नसेल तर आत जाऊन विचारून येतो म्हणेल. तेवढ्यावरून समजायचं ते समजा आणि साधा डाळ-भात, जिऱ्याची फोडणी समोर घालून, एवढंच मागवा. भरताचं तर बोलायलाच नको. जळगावच्या भरिताच्या वांग्यांना जीआय मानांकन मिळालं, सगळा महाराष्ट्र ती चवीने खातो. आपल्यात बहुबीज म्हणून वांगं वर्ज्य मानणाऱ्या घरांनी गप्प राहून पुढचं पान उलटायचं. त्यात हॉटेलवाल्याचा दोष नाही.

पण हेही खरं की हॉटेलवाल्याला आपण कधी नीट सांगितलंच नाही. बटाट्याऐवजी कच्ची केळी घालून पावभाजी, कटलेट, समोसा किती छान होतो हे आपल्या घराघरांत माहीत आहे. आणि आपण राहतो कुठे? केळीच्या जिल्ह्यात. रावेर-यावलची केळी देशभर जाते आणि पाचोऱ्याच्या हॉटेलात जैन पावभाजी मागितली तर नुसत्या टोमॅटोचं पाणी येतं. डाळ-बट्टी, कढी, कळण्याची भाकरी, खापरावरचे मांडे आणि आमरस, यातलं बरंचसं कांदा-लसणाशिवाय मूळचंच आहे किंवा सहज होतं. बाहेरगावचा माणूस इथे येऊन पनीर कशाला खाईल? त्याला मांडे द्या. मांडे करणाऱ्या बायका आपल्या गावात आहेत, हॉटेलांनी त्यांच्याकडून करून घ्यावेत. त्या घरांनाही चार पैसे मिळतील. फक्त एक लक्षात ठेवा, घरून डबा किंवा पदार्थ विकायचे असतील तरी अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते. ती करून घ्यावी, म्हणजे मोठ्या हॉटेलला माल द्यायला अडचण येत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या आत सूर्य मावळतो आणि हॉटेलचं स्वयंपाकघर सातला पेटतं. चौविहार पाळणारीने जायचं कधी? चातुर्मासाच्या सुरुवातीला सूर्यास्त सातच्या पुढे असतो, तेव्हा जरा जमतं. हिवाळ्यात मुळीच नाही. आता धंद्याच्या बाजूने विचार करा. मी बी.कॉम. झालेली आहे. डिग्री घेतली आणि पोळ्या लाटल्या असं आमचे हे चेष्टेने म्हणतात, पण हिशोब काही विसरले नाही. हॉटेलात दुपारी तीन ते सात जागेचं भाडं चालू, आचाऱ्याचा पगार चालू, टेबलं रिकामी. त्या वेळात पंचवीस-तीस ताटं गेली तर ती मालकाला नकोत का? त्याच्या खर्चात जवळजवळ फक्त धान्य-भाजी आणि गॅसची भर पडते. महिला मंडळाने जाऊन सांगावं, दर रविवारी सूर्यास्तापूर्वीची थाळी ठेवा, शनिवारी रात्रीपर्यंत आम्ही नावं कळवतो, कळवलेल्या ताटांचे पैसे नक्की देतो. विनंती करून जे होत नाही ते आगाऊ ऑर्डरने होतं.

आणि बिल वाचत जा. नेहमीच्या रेस्टॉरंटला जेवणावर ५ टक्के जीएसटी असतो. पण छोटी हॉटेलं पुष्कळदा कंपोझिशन योजनेत असतात. वर्षाची उलाढाल दीड कोटीच्या आत असलेल्यांना ती घेता येते. अशा हॉटेलने कर स्वतःच्या खिशातून भरायचा असतो, गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही, आणि बिलावर तसं छापावंही लागतं. तुमच्या बिलावर 'कंपोझिशन' लिहिलं असेल आणि खाली जीएसटीही लावला असेल, तर शांतपणे विचारा. भांडायचं कारण नाही. विचारणारी बाई आहे एवढं कळलं तरी पुष्कळ.

आता राहण्याचं. यासाठीच मी आज लिहायला बसले.

पाचोरा हे मुक्कामाचं गाव जुन्या काळापासून आहे. मुंबई-भुसावळ लोहमार्गावरचं स्टेशन असल्याने अजिंठ्याची लेणी बघायला जाणारे पाहुणे एके काळी इथे उतरून बैलगाडीने फर्दापूरकडे जात. पुढे आपली पीजे आली. पाचोरा ते जामनेर, छप्पन्न किलोमीटर, शेंदुर्णी-पहूरवरून. शंभर वर्षं ती छोटी गाडी धावली, २०२० मध्ये थांबली. आता तिथे ब्रॉडगेजचं काम चाललंय आणि रेल्वे बोदवडपर्यंत जायची आहे. ते झालं की येणारी-जाणारी माणसं आणखी वाढणार. म्हणजे उतरायला जागा आजच्यापेक्षा उद्या जास्त लागणार आहे, आणि आपण नेमकी आज धर्मशाळा पाडायच्या गोष्टी करतो!

लॉज आहेत ना, असं म्हणाल. आहेत. पुरुष माणसाला, कुटुंबाला ठीक आहेत. एकट्या बाईचं काय? आमच्या शेजारी भाड्याने राहायला आलेली बँकेतली मुलगी विदर्भातली. पहिल्यांदा नोकरीवर रुजू व्हायला आली तेव्हा संध्याकाळी तिने एका लॉजवर विचारलं. आधार कार्ड दाखवलं, बँकेचं पत्र दाखवलं. 'सोबत कोण आहे?' कुणी नाही म्हटल्यावर खोली शिल्लक नाही म्हणाले. दुसऱ्या ठिकाणी खोली मिळत होती, पण काउंटरवरच्या माणसांची नजर बघून तीच परत फिरली. रात्र तिने स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये बॅग मांडीवर घेऊन काढली आणि सकाळी तोंड धुऊन कामावर गेली. चोवीस वर्षांची मुलगी. पुढे खोली शोधताना आपल्याच कॉलनीत तिला तीन घरांनी विचारलं, 'एकटीच राहणार?' आणि नाही म्हणून सांगितलं.

मैत्रिणींनो, घर भाड्याने देताना 'शाकाहारी आहात का?' हा प्रश्न आपण विचारतो. एका भिंतीआड राहायचं, एका अंगणात वावरायचं, म्हणून तो मी समजू शकते. 'एकटी का?' हा प्रश्न मात्र मला समजत नाही. आपल्या मुली पुण्याला, बंगळुरूला, परदेशात एकट्या राहतात. तिथे त्यांना कुणीतरी दार उघडतं म्हणून आपण इथे निवांत झोपतो. मग इथे आलेल्या दुसऱ्याच्या मुलीला आपण दार का लावायचं?

धर्मशाळा याच कामासाठी होत्या. मुंबईत सी.पी. टँकजवळची हिराबाग धर्मशाळा दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद झवेरी यांच्या घराण्याच्या दानातून उभी राहिली, आणि त्याच माणिकचंदांनी शिकणाऱ्या मुलांसाठी ठिकठिकाणी बोर्डिंगं उभी करायला पैसा दिला. परगावी गेलेल्या माणसाला छप्पर नसेल तर त्याचं शिक्षण, व्यापार, औषधपाणी सगळं अडतं, हे त्या पिढीला ठाऊक होतं. आपल्या समाजाबाहेर बघा. गाडगे महाराजांनी स्वतः झोपडीत राहून पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी इथे धर्मशाळा बांधून घेतल्या. त्यांच्या पश्चात त्यांच्याच नावाच्या ट्रस्टची दादरची धर्मशाळा आजही कॅन्सरच्या रुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना अगदी थोडक्या पैशांत आसरा देते. खानदेशातून टाटा हॉस्पिटलला गेलेल्या कितीतरी घरांना तिचा अर्थ माहीत आहे.

आपल्या श्रावकाच्या बारा व्रतांत शेवटचं व्रत अतिथी संविभाग. त्याचा पहिला अर्थ साधू-साध्वींना निर्दोष आहार देणं, हे मला माहीत आहे. पण आपल्यातला वाटा काढून दुसऱ्याला देण्याची सवय घराला लागावी, हा त्यातला भाव आहे. आणि दानांत अभयदान मोठं मानतात. अनोळखी गावात एखाद्या बाईला रात्रभर न घाबरता झोप लागणं, याहून सोपं अभयदान आपल्या हातात दुसरं कोणतं आहे?

ट्रस्टी मंडळींचे आक्षेप मी ऐकले आहेत, आणि ते खोटे नाहीत. पहिला, धर्मशाळा तोट्यात चालते. दुसरा, कुणीही येऊन गैरवापर करतं. तिसरा, मंगल कार्यालयातून पैसा येतो, त्यातून धर्माचीच कामं होतील.

तोट्याचा हिशोब करू. समजा सहा खोल्या नीट दुरुस्त केल्या, गरम पाणी, स्वच्छ संडास, आतून चांगली कडी. भाडं ४०० रुपये. वर्षातल्या ३६५ पैकी १५० रात्रीच भरल्या असं धरलं तरी ३ लाख ६० हजार होतात. राखणदार जोडप्याला महिना १५ हजार म्हणजे वर्षाचे १ लाख ८०. वीज, पाणी, चादरी धुणं यांना १ लाख. तरी ८० हजार उरतात. फार नाहीत, पण तोटा कुठे आहे? आज तोटा होतो तो खोल्या गळक्या आहेत म्हणून आणि चावी कुणाकडे आहे तेच कळत नाही म्हणून.

कराचंही बघा. नोंदणीकृत धर्मादाय ट्रस्टच्या धार्मिक स्थळाच्या आवारातली खोली दिवसाला १,००० रुपयांच्या आत असेल, तर जीएसटीतून सूट आहे. हॉलचं भाडं दिवसाला १०,००० च्या आत असेल तर त्यालाही. बाहेरच्या नोंदणीकृत लॉजला मात्र १८ जुलै २०२२ पासून हजाराच्या आतल्या खोलीवरही कर लागू झाला. म्हणजे कायदासुद्धा स्वस्त धर्मशाळेच्या बाजूने आहे. एसी कार्यालय बांधून दिवसाला पंचवीस-तीस हजार भाडं लावलं की ती सूट गेली. शिवाय वर्षात लग्नाच्या तारखा किती? चातुर्मासाचे चार महिने तर मुहूर्तच नाहीत. त्या काळात कार्यालयाला कुलूप, आणि बांधकामाच्या कर्जाचे हप्ते चालू. गावात लॉन्स आणि हॉल आधीच भरपूर झालेत, त्यांच्याशी चढाओढ ती वेगळी.

गैरवापराचं उत्तर नियमात आहे. ओळखपत्र आणि रजिस्टर, लॉजवाले ठेवतात तसंच. मांसाहार, दारू, तंबाखू आवारात नाही, कुणीही असो. तीन रात्रींहून जास्त राहायचं असेल तर विचारून. दोन खोल्या फक्त बायकांसाठी, आणि त्यांची चावी बाईच्या हातात. जात, धर्म विचारायचा नाही. आपले साधर्मिक आले तर त्यांना आनंदाने पहिली जागा, पण रिकामी खोली कुलूप लावून ठेवायची आणि परीक्षेला आलेली मुलगी फलाटावर बसवायची, हे आपल्या धर्मात बसत नाही. साध्वीजी विहारात येतील तेव्हा त्यांची व्यवस्था वेगळी असतेच, तिला धक्का लागायचं कारण नाही.

आणि तिसरं, पैशातून धर्माची कामं. धर्माचं काम म्हणजे आणखी वेगळं काय असतं?

एक गोष्ट हिशोबात बसत नाही, पण लिहिते. नवीन कॉलन्यांत माणसं शेजारी राहतात आणि एकमेकांना ओळखत नाहीत. बदलीवर आलेली शिक्षिका, नर्स, तलाठी बाई दोन वर्षं राहून जातात आणि आपल्याला त्यांचं नावही कळत नाही. हॉटेलात आपण आपल्याच टेबलावर बसतो. धर्मशाळेच्या ओसरीवर मात्र चहा घेताना माणूस 'कुठून आलात?' असं विचारतोच. गाव वाढताना ही विचारपूस टिकली तर ते गाव राहील, नाहीतर नुसती वस्ती होईल.

म्हणून महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत दोन विषय घ्या. एक, जवळच्या दोन-तीन हॉटेलमालकांना भेटून वेगळी जैन ग्रेव्ही आणि रविवारची सूर्यास्तापूर्वीची थाळी ठरवणं. दोन, ट्रस्टकडे लेखी अर्ज, की धर्मशाळेबद्दल काही ठरवण्याआधी बायकांचं म्हणणं ऐकावं आणि निदान दोन खोल्या सहा महिने आम्हाला चालवायला द्याव्यात. जमाखर्चाची वही मी लिहीन. सहा महिन्यांनी वही सगळ्यांसमोर ठेवू आणि मग पाडायची की राखायची ते ठरवू. अर्जावर सह्या लागतील. तुमची सही हवी आहे, आणि तुमच्या सुनेचीही.

जय जिनेंद्र.